तांत्रिक शाळा म्हणजे आयटीआय नव्हे

दहावीचा निकाल लागल्यापासून आपल्या मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'तांत्रिक विद्यालय आणि आयटीआय एकच. व्होकेशनल केलं की बारावी धरत नाहीत, पुढचं शिक्षण बंद.' हे चूक आहे. कृपया पुढे पाठवू नका.

आयटीआय केंद्राच्या 1950 च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आल्या. तांत्रिक विद्यालयाची गोष्ट वेगळी. तिथं आसपासच्या शाळांची आठवी ते दहावीची पोरं वर्कशॉपला येतात. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) लोखंडी पट्टी आवळायची, कानस मारायची, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडात धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हा विषय दहावीच्या गुणपत्रिकेत येतो.

1986 च्या शैक्षणिक धोरणानं अकरावी-बारावीत व्यवसाय शिक्षणावर भर दिला आणि 1988-89 पासून राज्यात एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय) अभ्यासक्रम आले. मेसेजमधलं 'व्होकेशनल' ते हेच. त्याची बारावी राज्य मंडळाचीच, प्रमाणपत्रही मंडळाचंच. तांत्रिक गटातून पास झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे वाट बंद तर नाहीच, उलट डिप्लोमाचं एक वर्ष वाचतं. असल्या मेसेजपायी पोरीचा फॉर्म मागं घ्यायला निघालेल्या बापाला मी स्वतः थांबवलंय. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, शाळेत जाऊन विचारा.