चौदा कुस्त्या आणि एक प्रमाणपत्र

गोव्यात दहावीचा निकाल लागला की क्रीडागुणांचा वाद ठरलेला असतो. खेळात भाग घेतल्याबद्दल किती मुलांना वाढीव गुण मिळाले आणि त्या गुणांच्या आधारे किती जण उत्तीर्ण झाले, याचे आकडे बाहेर येतात. मग काही जण त्याला खिरापत म्हणतात, तर काही जण मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला एवढेही द्यायचे नाही का, असे विचारतात. मी मूळचा डिचोलीचा. गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि हा वाद दरवर्षी तिकडच्या मराठी वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्यांत वाचतो. पूर्वी मी खिरापत म्हणणाऱ्यांपैकी होतो. मुलगा नववीत शाळेच्या कुस्ती संघात गेल्यापासून मात्र दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत, असे मला वाटू लागले आहे.

इथे खेळल्याबद्दल परीक्षेत एकही गुण मिळत नाही. उलट ठरावीक विषयांत उत्तीर्ण नसलेल्या मुलाला संघातून उतरताच येत नाही. पण मला अधिक विचार करायला लावले ते हंगामापूर्वीच्या वजनाच्या तपासणीने. शाळेच्या ट्रेनरने मुलाच्या लघवीचा एक थेंब हाताएवढ्या उपकरणाच्या काचेवर टाकला आणि ते उपकरण ट्यूबलाइटकडे धरून डोळ्याला लावले. लघवीची घनता १.०२५ च्या वर गेली तर अंगात पाणी कमी आहे असे समजतात आणि त्या दिवशी पुढची तपासणी करत नाहीत. माझा मुलगा नापास झाला. वजन कमी भरावे म्हणून आदल्या संध्याकाळपासून त्याने पाणीच घेतले नव्हते. ही युक्ती त्याला वरच्या वर्गातल्या मुलांनी शिकवली होती. नंतर, भरपूर पाणी पिऊन तो पुन्हा गेला, तेव्हा चिमट्याने कातडीची जाडी मोजून चरबीचा अंदाज काढला गेला. वजन १३० पौंड, चरबी १२ टक्के. मुलग्यांच्या अंगात किमान ७ टक्के चरबी राहिलीच पाहिजे, असा नियम असल्याने त्याचे किमान वजन १२३ पौंड ठरले, आणि तिथपर्यंत उतरायचे तरी आठवड्याला दीड टक्क्याहून, म्हणजे जेमतेम दोन पौंडांहून जास्त नाही. आता संपूर्ण हंगामात त्याहून हलक्या गटात तो उतरू शकत नाही, प्रशिक्षकाची कितीही इच्छा असली तरी.

हा नियम सुखासुखी आलेला नाही. १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत इथले तीन महाविद्यालयीन मल्ल रबरी कपडे घालून, उष्णतेत घाम काढून वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर महाविद्यालयांचे नियम बदलले आणि २००६-०७ पासून हायस्कूललाही वजनाचे असे नियंत्रण सक्तीचे झाले. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा आमच्या गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर चार दिवस कटकारस्थान, नियम आणि प्रशिक्षकांचा दोष यांची चर्चा झाली. तालुक्याच्या स्पर्धेत वजन करण्याआधी दोन दिवस उपाशी राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी त्यात एक वाक्यही नव्हते. असा मुलगा माझ्या बहिणीच्याच घरात आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

सराव रोज शाळा सुटल्यावर दोन तास असतो. कोल्हापूरच्या तालमीतले जोर आणि सपाट्या इथे नाहीत, पण दोरावर चढणे आहे, आणि पट काढण्याचा घोटून सराव आहे: पुढच्या पायाचा गुडघा मॅटला टेकवून आत शिरायचे, डोके समोरच्याच्या बरगडीला लावायचे आणि मागचा पाय ओढून घ्यायचा. हे एका सत्रात पन्नास-साठ वेळा करतात. दोन-दोन मिनिटांचे तीन डाव, म्हणजे कुस्ती सहा मिनिटांची, त्यामुळे दम हाच सगळ्यांत मोठा भाग. इथल्या प्रकारात खाली सापडलेल्याने निसटून उभे राहिले तरी एक गुण मिळतो आणि त्या एका गुणासाठी सरावाचा बराचसा वेळ जातो. कानांवर टोपण सक्तीचे आहे. आपल्याकडे फुगलेला कान ही पैलवानाची ओळख मानतात, इथे ती निष्काळजीपणाची खूण मानतात. लढतीआधी पंच नखे पाहतात, अंगावर गजकर्णाचा डाग नाही ना, हेही पाहतात. मॅट रोज औषधाने पुसली जाते.

मला सर्वांत पटलेली गोष्ट मात्र निवडीची आहे. एका वजनगटात संघाचा एकच मल्ल उतरतो आणि तो कोण, हे त्या गटातली मुले आपसात कुस्ती खेळून ठरवतात. निवड समितीवरचा कोणाचा मामा उपयोगी पडत नाही. हरलेली मुले घरी बसत नाहीत. त्यांचा दुसरा संघ असतो आणि त्याच्याही लढती होतात. माझ्या मुलाने पहिल्या हंगामात त्या दुसऱ्या संघातून चौदा कुस्त्या केल्या, तीन जिंकल्या.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचा माझा इरादा नाही. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून चालतो, त्यामुळे श्रीमंत गावात दोन मॅट आणि शेजारच्या गावात एक फाटकी, असे सर्रास दिसते. उन्हाळ्यात खाजगी क्लबची फी भरू शकणाऱ्यांची मुले पुढे जातात. काठावर उभे राहून मुलावर ओरडणारे बाप मी इथे जितके पाहिले तितके आयुष्यात पाहिले नव्हते.

गोव्यात २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्या निमित्ताने मैदाने व सभागृहे सजली, पण ती पणजी, म्हापसा, मडगावकडे. वाळपईच्या मुलाने शाळा सुटल्यावर तिथे जाऊन दोन तास सराव करायचा, तर परतीची बस त्याच्यासाठी थांबणार आहे काय? शाळेत पी.ई.चे सर बहुधा एकच आणि तेच निवडणुकीच्या कामालाही जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की क्रीडागुण ठेवा किंवा काढा, पण त्याआधी तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक मॅट घ्यावी, संध्याकाळी एक बस सोडावी आणि महिनाभर त्या शाळांच्या आपसात लढती लावाव्यात. पावसाळ्यात मॅटला बुरशी धरते, तेव्हा ती कोण सुकवणार, हेही आधी ठरवावे. वजनाच्या तपासणीला चिमटा आणि ते हातातले उपकरण लागते. दोन्ही मॅटच्या मानाने किरकोळ खर्चाची आहेत.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. तालुक्याच्या स्पर्धेत तो उतरला होता. वजन बसावे म्हणून दोन दिवस त्याने फक्त पेजेचे पाणी घेतले होते, आणि पहिल्याच कुस्तीत दीड मिनिटात तो चीतपट झाला. प्रमाणपत्र मिळाले, ते बहिणीने जपून ठेवले आहे. मी त्याला माझ्या मुलाच्या अकरा पराभवांविषयी सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "मामा, तुमच्याकडे हरल्यावर पुन्हा कधी खेळायला मिळतं?"

मी म्हटले, "तो मंगळवारी हरला होता. गुरुवारी पुन्हा होती."