पासष्ट ओहमचा पुरावा

उत्तर चुकलं म्हणून खोटा पडलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी बरोबर असून खोटा पडलो, तेही भाच्यासमोर.

त्याचा गृहपाठ होता: 230 व्होल्टवर पिवळ्या प्रकाशाच्या, तारेच्या बल्बमधून 0.26 अँपिअर धारा वाहते, तर रोध किती, शक्ती किती? व्होल्टला अँपिअरने भागलं, रोध साधारण 885 ओहम. दोन्हींचा गुणाकार केला, 59.8 वॅट. म्हणजे 60 चा बल्ब. विषय संपला.

पण काका तिथेच बसले होते. काका म्हणजे मेहुण्यांचे थोरले बंधू. लोक खिशात पेन ठेवतात, काका मल्टिमीटर ठेवतात, म्हणजे व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचं यंत्र.

"पुस्तकातलं राहू दे. मोजून बघू," म्हणत त्यांनी टेबललॅम्पचा गार बल्ब काढला. नेमका 60 चाच. मीटरच्या दोन्ही टोच्या त्याला लावल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि आकडा कोर्टात निकाल वाचावा तसा वाचला. "पासष्ट."

"काका, बल्ब गार आहे. पेटल्यावर आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, रोध कितीतरी पट वाढतो."

"म्हणजे बल्ब पेटला की मत बदलतो?"

"तसंच समजा."

"मग पेटलेला असताना मोजून दाखव."

आता आली का पंचाईत! चालू सर्किटमध्ये ओहम मोजायला जाऊ नये, मीटर जळतो, प्रसंगी माणूसही. हे सांगितल्यावर काकांनी भाच्याकडे असं पाहिलं की बघ, मामा पुरावा द्यायला तयार नाही. मग त्यांनी कागद ओढला. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध: 230 चा वर्ग भागिले 65. आले 814 वॅट. "कंपनी 60 छापते आणि 814 खातो हा!"

खरं तर बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी काकांच्या 65 ओहमच्या हिशेबाने येणारे (230 भागिले 65) साडेतीन अँपिअर खरोखर वाहू शकतात, तार गारच असते ना. म्हणून तर बल्ब बहुधा लावतानाच उडतात. पण तार तापायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. काका बरोबर असण्याची मुदत तेवढीच. हे सांगितलं असतं तर "बघ, बरोबर आहे म्हणाला" एवढंच त्यांनी उचललं असतं. गप्प बसलो.

ज्यांच्या नावाने रोध मोजतात, त्या खुद्द ओहम साहेबांनी 1827 साली आपल्या नियमाचं पुस्तक काढलं तेव्हा त्यांच्याच देशात, जर्मनीत, त्याचं फार थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळायला 1841 उजाडलं. तरी बरं, त्यांच्या काळात कोणाच्या खिशात मल्टिमीटर नव्हता.

तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? त्यांनी इस्त्री मागवली. प्लगच्या दोन पिनांना टोच्या लावल्या: 53 ओहम. पुन्हा वर्ग, पुन्हा भागाकार: 998 वॅट. इस्त्रीवर छापलेले 1000. "ही बघ प्रामाणिक वस्तू!"

इस्त्रीत नायक्रोम असतं, म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू; ते तापलं तरी त्याचा रोध फारसा हलत नाही, म्हणून तिथे गार मोजमापही चालून जातं. हे मी सांगत होतो. ऐकत कोणीच नव्हतं. ताई म्हणाली, "काकांचंच लिही रे, त्यांच्याकडे मशीन आहे." आणि कार्ट्याने माझं 885 खोडरबराने पुसलं.