‘गॅसफिटरला लायसनच लागत नाही’: त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज आठवड्याभरात तिघांनी टाकला. तिघांनाही तो दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवरून आलेला. मजकूर साधारण असा: ‘भारतात गॅसफिटरला कुठलंही सरकारी लायसन लागत नाही. लाइन हलवायला कंपनीचाच माणूस पाहिजे हा पैसे काढायचा धंदा आहे. पालिकेचा परवाना असलेला कुठलाही प्लंबर निम्म्यात करून देतो. गॅसचं प्रेशर पाण्यापेक्षा कमी असतं. शेवटी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे नाहीत म्हणजे काम ओके. परदेशात तर लोक घरच्या घरी करतात.’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी आयटीआयचा फिटर. नंतर एकवीस वर्षं पाइप गॅसच्या कामावर, एका कंत्राटदाराकडे. आधी हेल्पर, शेवटी सुपरवायझर. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

‘लायसन लागत नाही.’ हे खरंच आहे, आणि ते आधी कबूल केलेलं बरं. वायरमनला राज्याचा परवाना लागतो, पाण्याच्या प्लंबरला पालिकेचा. गॅसफिटरच्या स्वतःच्या नावावर तसा परवाना आपल्याकडे नाही. आयटीआयत फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. हायड्रोकार्बन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने सिटी गॅसचा पाइपफिटर आणि एलपीजी मेकॅनिक यांचे अभ्यासक्रमही ठरवलेत. पण ती प्रमाणपत्रं झाली. ती दाखवून दारोदार गॅसची कामं घ्यायचा हक्क मिळत नाही. माझ्या मते ही उणीव आहे आणि ती कधीतरी भरून निघायला हवी.

पण ‘माणसाला लायसन नाही’ म्हणजे ‘कुणीही करावं’ असं होत नाही. आपल्याकडे परवानगी माणसाला नाही, कंपनीला आहे. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं; शहरात पाइपने गॅस कोण वाटणार ते हे मंडळ ठरवतं. २००८ साली त्याने शहरी गॅस जाळ्यासाठी तांत्रिक आणि सुरक्षेचे नियम काढले. पाइप कुठला, जोड कसे, चाचणी कशी, हे सगळं त्यात येतं आणि ते पाळायची जबाबदारी कंपनीची. मुंबईत ती कंपनी म्हणजे १९९५ साली स्थापन झालेली महानगर गॅस. ती कामं कंत्राटदाराला देते, कंत्राटदार आमच्यासारख्यांना. ही साखळी लांब आहे, पण टोकाच्या पोराने जोड मारला तर त्या जोडाचा जाब वरपर्यंत विचारता येतो. सिलिंडरवाल्यांसाठी तीच साखळी एजन्सी आणि तिच्या मेकॅनिकची. नाक्यावरचा प्लंबर या साखळीत नसतोच. उद्या जोड गळला तर तो कुणी मारला हे कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

‘पालिकेचा प्लंबर चालतो.’ पालिकेचा परवाना पाण्याच्या लाइनीचा आणि सांडपाण्याचा. पुढे काय बोलणार?

एक मात्र सांगतो. जुने प्लंबर आट्यांवर ताग गुंडाळून वर सफेदा लावतात. पाण्याला हे झकास, कारण ताग भिजून फुगतो आणि जोड घट्ट बसतो. नैसर्गिक वायू कोरडा. त्यात ताग सुकतो, आक्रसतो, आणि काही महिन्यांनी जोड हळूच श्वास घ्यायला लागतो. म्हणजे हात कसलेला असूनही काम चुकतं, कारण सवय दुसऱ्या पाइपाची.

‘प्रेशर पाण्यापेक्षा कमी.’ हेही खरं. घरातल्या शेगडीला पाइप गॅस मिळतो तो २१ मिलिबारला. यू नळीत पाणी भरून मोजलं तर दोन बाजूंच्या पातळीत साधारण २१ सेंटिमीटरचा फरक पडतो, शाळेच्या पट्टीपेक्षाही कमी. गच्चीवरची टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर पाण्याचा दाब याच्या पंचेचाळीस पटींहून जास्त.

म्हणून काय झालं? पाणी गळलं की लादीवर दिसतं, खालच्या मजल्यावरचे बोंब मारतात. गॅस दिसत नाही. वास यावा म्हणून त्यात मुद्दाम गंध मिसळलेला असतो, पण कपाटाच्या आत साठलेला वास बाहेर यायला वेळ लागतो. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. आणि मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरमधला एलपीजी जड, तो खाली ट्रॉलीच्या तळाशी बसतो. पोटमाळा आणि फॉल्स सीलिंगच्या या शहरात पाइप कुठून न्यायचा याचा विचार इथून सुरू होतो.

जेटचंही तसंच. जेट म्हणजे शेगडीतला तो भोकाचा तुकडा, ज्यातून गॅस बर्नरमध्ये येतो. एलपीजी जास्त ताकदीचा आणि शेगडीला मिळतो सुमारे ३० मिलिबारला, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. पाइप गॅसला मोठं लागतं. घाटकोपरच्या एका घरात प्लंबरने सिलिंडरची शेगडी पाइपला जोडली, ज्योत मिणमिणती आली, तर पठ्ठ्याने ड्रिलने भोकंच मोठी केली! पुढे ते कुटुंब बदलापूरला गेलं, तिथे सिलिंडर. शेगडी तीच. पिवळ्या ज्वाळा आणि काळीकुट्ट भांडी घेऊन वहिनी मला फोनवर विचारत होत्या, ‘भावजी, गॅस भेसळीचा आहे का हो?’ गॅस चांगला होता. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळण, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला ना रंग ना वास.

‘साबणाचं पाणी लावा.’ साबण मीही आयुष्यभर लावला. पण तो गळती *कुठे* आहे ते दाखवतो. गळती *आहे का* हे दाबाची चाचणी सांगते: कोक, म्हणजे गॅसचे नळ, बंद करायचे, लाइनीत दाब धरायचा, मापकावर नजर ठेवून थांबायचं. हे थांबणंच लोकांना नको असतं.

परळला एका नव्या किचनचं काम झालं होतं. मालकिणीची तक्रार एवढीच की माळ्यावरच्या गोधड्यांना वास येतो. प्लंबरने साबण लावून दाखवला होता, एकही बुडबुडा नव्हता. मी यू नळी लावली. दहा मिनिटांत पाणी दोन बोटं उतरलं. दिसणारे सगळे जोड ठणठणीत. मग कळलं की ओटा सरकवताना पाइप कमी पडला, म्हणून मध्ये एक तुकडा जोडला आणि तो जोड प्लॅस्टरच्या आत गाडून वर टाइल बसवली. भिंतीला साबण कसा लावणार? गॅस भेगेतून वर चढत माळ्यात साठत होता. पंधरा दिवसांपूर्वी बसवलेल्या टाइल फोडल्या. बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

‘परदेशात घरच्या घरी करतात.’ ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ पासून गॅस सेफ रजिस्टर आहे, त्याआधी कॉर्गी नावाची नोंदणी होती. धंदा म्हणून गॅसचं काम करणाऱ्याला तिथे नाव नोंदवावंच लागतं, आणि कार्डाच्या मागे तो नेमकी कुठली कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये गॅसफिटरसाठी २००६ चा कायदाच आहे आणि लायसन दरवर्षी नवं करावं लागतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने परदेश कुठला ते लिहिलेलं नाही.

पैशांची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. अधिकृत माणूस महाग पडतो, तारीख उशिरा मिळते, फोनवर तिष्ठावं लागतं, आणि मिस्त्री समोर बिडी ओढत बसलेला असतो. याउलटही एक फसवणूक चालते. गळ्यात कार्ड अडकवून ‘सेफ्टी चेकिंग’ म्हणत कुणी येतो आणि नळी बदलायला लावून पैसे घेऊन जातो. सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षांचं. तारीख नळीवरच छापलेली असते, ती स्वतः वाचा. माणूस दारात उभा असतानाच एजन्सीला किंवा कंपनीला फोन करून विचारा. सिलिंडर गळत असेल तर १९०६ या नंबरला फोन.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. तासभर कुणी काही बोललं नाही. मग बी विंगच्या काकांचा मेसेज आला, त्यांच्याकडे ओटा फोडायचं काम परवापासून होतं: ‘कंपनीने पुढच्या बुधवारची वेळ दिलीय. तोवर मिस्त्रीला बाथरूमच्या टाइल लावायला सांगितल्यात.’