खुलासा: 'पूर्वेकडे ‘मी’ नसतो' हे खरं नाही

'पाश्चात्त्य माणूस फक्त स्वतःचा विचार करतो, पूर्वेकडच्या माणसाला स्वतंत्र ‘मी’च नसतो, हे मानसशास्त्रानं सिद्ध केलंय', असा मजकूर सध्या फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे.

याचं मूळ मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांच्या 1991च्या लेखात आहे. त्यांनी स्वतःकडे पाहण्याच्या दोन पद्धती मांडल्या: एक स्वतंत्र, दुसरी नात्यांत गुंतलेली. पूर्वेकडे ‘मी’ नसतो, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

स्टीव्हन कझिन्स यांचा 1989चा अभ्यास तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. 'मी कोण?' याची वीस उत्तरं लिहायला सांगितली, तेव्हा जपानी विद्यार्थ्यांनी स्वभावगुण कमी लिहिले, अमेरिकनांनी जास्त. मग प्रश्न थोडा बदलला: घरी तुम्ही कसे असता? शाळेत कसे असता? आता चित्र उलटं झालं. प्रसंग समोर येताच जपानी विद्यार्थी स्वतःच्या स्वभावाबद्दल जास्त थेट लिहू लागले. ज्याला ‘मी’च नाही, तो हे लिहील कसा?

2002च्या एका मोठ्या आढाव्यातही अमेरिकन लोक जपानी किंवा कोरियन लोकांपेक्षा कमी समूहनिष्ठ (म्हणजे स्वतःपेक्षा आपल्या गटाला महत्त्व देणारे) आढळले नाहीत.

आणि तत्त्वज्ञानाचं म्हणाल, तर ‘पूर्व’ एका सुरात कधी बोललीच नाही. बौद्धांनी नित्य आत्मा नाकारला, न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, तो हिरिरीनं सिद्ध करू पाहिला. तिकडे स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं 18व्या शतकात ‘मी’ म्हणजे अनुभवांचा निव्वळ पुंजका ठरवला.

फरक आहेत, पण ते सरासरीतले आहेत. त्यावरून समोरच्या एका माणसाचं मन ओळखता येत नाही.