कृत्तिकेची धूळ पुसून देणारं दीडशहाणं सॉफ्टवेअर

‘वन क्लिक’ हा शब्द यापुढे माझ्यासमोर कुणी काढू नका. डोकं फिरतं.

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या एका मित्राने फोटो रचायच्या एका नव्या सॉफ्टवेअरसाठी कधीची भुणभुण लावली होती. "अरे, अजून ते जुनाट काय वापरतोस? हे नवीन घे. फ्रेम टाकायच्या, बटण दाबायचं, चहा पिऊन यायचं. स्टॅक तयार!" (फ्रेम म्हणजे एकेक फोटो, स्टॅक म्हणजे ते एकमेकांवर रचून केलेलं एकच चित्र.) चहा कसला डोंबलाचा. जेवणं झाली, ओटा आवरून झाला, आईने येऊन विचारलं, "अरे, त्या लॅपटॉपचा पंखा एवढा का ओरडतोय? पेट घेईल हं तो." आणि पडद्यावर मघापासून ७४ टक्के.

मग ७४ चं काय झालं? "काहीतरी बिनसलं. पुन्हा प्रयत्न करा." बस्स. काय बिनसलं ते मीच शोधायचं. शोधलं, तर डिस्क भरली होती. आता हे गणित बघा. २४ मेगापिक्सेलची एक फ्रेम ३२ बिटमध्ये तिन्ही रंगांसकट उघडली की २८८ एमबी होते. अशा २०० फ्रेम म्हणजे ५७ जीबीच्या वर. फ्रेम किती आहेत ते त्याला माहीत, डिस्कवर जागा किती तेही माहीत. मग सुरू करायच्या आधीच "बाबा रे, जागा पुरणार नाही" एवढं सांगायला काय जातं?

शिवाय ट्रायल फुकट म्हणे, पण कार्डाचा नंबर आधी द्या. आणि लॉगिन दर वेळी. गुरुवारी आमच्याकडे लाइट गेली, राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर ठणठणीत चालू, पण साहेबांना इंटरनेट हवं! फोटो माझे, डिस्क माझी, प्रोसेसर माझा. तुला नेट कशाला लागतं रे?

पण हेही सोडून दिलं असतं. खरा संताप पुढेच आहे.

पुण्यातून कृत्तिकेच्या तारकागुच्छाभोवतीची धूळ टिपायची म्हणजे काय खटाटोप असतो हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. शहरात आकाश कसलं, नुसता पांढुरका उजेड. म्हणून अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठायचा, चेलाडी फाट्याला वळून वेल्ह्याकडे जायचं, तोरण्याच्या पायथ्याशी थंडीत कुडकुडत ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर लावायचा. तिथेही ईशान्येला पुण्याची लाली दिसतेच. मग दव पुसत पुसत आकाशाच्या फ्रेम, म्हणजे लाइट फ्रेम, घ्यायच्या आणि शेवटी बोटं बधिर झाली तरी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरच्या डार्क फ्रेम, कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष वजा करायला. कशासाठी? तर तिथल्या तारकांचा प्रकाश ज्या धुळीवरून परावर्तित होतो, ती निळसर झाक उमटावी म्हणून. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरून येणारी ती झाक एका फ्रेममध्ये गोंगाटात, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणात, बुडालेली असते, अनेक फ्रेम रचल्या की हळूहळू वर येते.

तर या हुशार सॉफ्टवेअरने आधी निम्म्या फ्रेम बाद केल्या. कारण? "गुणवत्ता अपुरी." तारे लांबट झाले होते? फोकस हलला होता? ढग आला होता? ते विचारायचं नाही. फ्रेम निम्म्या झाल्या की सिग्नल (खरा प्रकाश) आणि गोंगाटाचं गुणोत्तर सुमारे ३० टक्क्यांनी घसरतं, कारण सगळा खेळ फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाचा आहे. बरं, उपग्रहाची रेघ आली म्हणून बाद केल्या म्हणावं, तर ती रेघ सिग्मा क्लिपिंगमध्ये, म्हणजे बाकीच्या फ्रेमशी न जुळणारे ठिपके वगळताना, आपोआप उडते. त्यासाठी अख्खी फ्रेम फेकायची काय गरज?

उरलेल्या फ्रेम रचल्या, आणि मग केलं ते ‘स्मार्ट’ बॅकग्राउंड सफाईचं काम. निळी झाक त्याला वाटली प्रकाशप्रदूषण. दिली पुसून! पडद्यावर काळंकुट्ट आकाश, त्यात सात-आठ टपोरे तारे आणि वर हिरवी खूण: "उत्कृष्ट निकाल!" कृत्तिकेतल्या मेरोपी ताऱ्याभोवतीचा सगळ्यात ठळक पट्टासुद्धा गायब. अरे, त्या पट्ट्यासाठीच तर गेलो होतो तिकडे! नुसते तारे बघायचे असते तर गच्चीवर नसतो गेलो? ती सफाई बंद करायचं बटण? आहे ना. पैसे भरलेल्यांसाठी.

फ्रेम रचणारी जुनी सॉफ्टवेअर बघा: डीपस्कायस्टॅकर फुकट आहे, सिरिल फुकट आहे. दिसायला रुक्ष असतील, पण डीपस्कायस्टॅकर प्रत्येक फ्रेमला गुण देतं, सिरिल ताऱ्यांच्या रुंदीचा आलेख काढून दाखवतं आणि कुठली फ्रेम ठेवायची ते मला ठरवू देतं. लॉगमध्ये ओळीनं लिहिलेलं असतं काय केलं ते. नव्याला हे सांगायला लाज वाटते का?

सगळ्या फ्रेम परत सिरिलमध्ये टाकल्यात. निळी झाक दिसायला लागलीय. आणि तो चहावाला मित्र, त्याने पुढच्या अमावास्येची तयारी ठेवावी: गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, आणि डार्क फ्रेम होईपर्यंत थंडीत उभं राहायचं तेही त्यानेच.