डे ला सोल खरंच बिघडले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डे ला सोल या तिघांच्या अमेरिकी हिप-हॉप गटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 1989 च्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'मध्ये जो खेळकर मोकळेपणा होता, तो या तिघांनी दोनच वर्षांत आपल्या हातांनी मोडला. पुढे निर्माता प्रिन्स पॉलही गेला आणि उरलं ते सर्वसाधारण रॅप. 2016 मध्ये तर त्यांनी चाहत्यांकडूनच पैसे घेतले आणि कुणी न मागितलेला अल्बम काढला. असं असताना मी नाराज चाहत्यांनाच बोल लावतो, हे तुम्हाला पटलं नाही.

नाराज व्हायचा हक्क चाहत्यांना आहेच. पण त्या तिघांनी काही मोडलं, हे मला मान्य नाही.

पहिला अल्बम पुन्हा एकदा नीट ऐका. आपल्या लक्षात राहतात ते सॅम्पल, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे: जॉनी कॅशचा आवाज, स्टीली डॅनची सुरावट, लहान मुलांच्या कार्टूनमधलं आकड्यांचं गाणं; आणि मधूनमधून चालणारा गेम शो. पण त्याच अल्बमात 'से नो गो' आहे. हॉल अँड ओट्स या पॉप जोडीच्या गुळगुळीत तुकड्यावर क्रॅक कोकेनच्या व्यसनाची गोष्ट. गरिबीवरचं 'घेटो थँग' आहे. न्यूयॉर्कजवळच्या अमिटीव्हिलमधली, विशीच्या आसपासची ही तीन मुलं आजूबाजूला जे दिसत होतं ते पहिल्या दिवसापासून सांगत होती. कव्हरवरची डेझीची फुलं आणि भडक रंग पाहून माध्यमांनी त्यांना हिप-हॉपचे हिप्पी ठरवून टाकलं. त्यांचं सर्वांत गाजलेलं 'मी मायसेल्फ अँड आय' तर मुळातच 'आमच्या दिसण्यावरून आम्हाला जोखू नका' असं सांगणारं गाणं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि त्यातली विनंती तेवढी ऐकली नाही.

1991 चा 'डे ला सोल इज डेड' या पार्श्वभूमीवर ऐकायला हवा. कव्हरवर फुटलेली कुंडी आणि कोसळलेली फुलं. आत गाण्यांच्या अधूनमधून एक गोष्ट चालते: एका मुलाला कचऱ्यात डे ला सोलची कॅसेट सापडते, दांडगट पोरं त्याला मारून ती हिसकावतात, ऐकतात, प्रत्येक टप्प्यावर नावं ठेवतात आणि शेवटी ती परत कचऱ्यात फेकून देतात. चाहते काय म्हणणार हे या तिघांनी आधीच ओळखलं होतं आणि ती सगळी नाराजी त्यांनी अल्बमातच वाजवून दाखवली. असा धीर मी त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या गटात पाहिलेला नाही. त्याच अल्बमात 'मिली पुल्ड अ पिस्टल ऑन सँटा' आहे. बापाच्या अत्याचाराला बळी पडलेली मुलगी, तिच्यावर विश्वास न ठेवणारी माणसं, आणि दुकानात सांताक्लॉज बनून बसलेला तो बाप. तिघांपैकी पॉस्डन्यूओसने स्वतःच्या भावाच्या व्यसनावर लिहिलेलं गाणं आहे. आणि शनिवारच्या स्केटिंगचं एक निखळ आनंदी गाणंही आहे, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच येत नाही. 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाने या अल्बमला पाचपैकी पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण दिले होते. मुख्य म्हणजे हा अल्बम प्रिन्स पॉलबरोबरच केलेला आहे, आणि 1993 चा 'बलून माइंडस्टेट'सुद्धा. तेव्हा पॉल गेल्यामुळे सूर बदलला, हा क्रम जुळत नाही.

नंतरचा बदल वेगळ्या कारणाने झाला आणि तिथे पैशांचा विचार करावाच लागतो. पहिल्या अल्बमात जेमतेम मिनिटभराचा एक तुकडा आहे, फ्रेंचचे धडे आणि मागे टर्टल्स बँडचं संथ केलेलं गाणं. त्यावरून टर्टल्सच्या गायकांनी दावा ठोकला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावं लागलं. डिसेंबर 1991 मध्ये, परवानगीविना सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध झालेल्या खटल्याचा निकाल आला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली होती. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे मोजणं भाग पडलं. डझनावारी रेकॉर्डमधून वेचून शिवलेली ती गोधडी पुन्हा शिवणं पॉललाही परवडलं नसतं. 'बलून माइंडस्टेट'मध्ये मेसिओ पार्करचा सॅक्सोफोन प्रत्यक्ष वाजतो, त्यालाही हा काळ लक्षात घेऊनच ऐकावं लागतं.

एक मात्र तुमचं खरं. पॉलबरोबर जो खोडकरपणा होता, तो नंतर त्या प्रमाणात परत आला नाही. 2000 आणि 2001 चे दोन अल्बम मीही सलग ऐकत नाही.

आता चाहत्यांबद्दल. ज्या 'जुन्या आवाजा'शी आपण सगळं ताडून पाहतो, तो वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हताच. करार डिजिटल युगाच्या आधीचे, सॅम्पलच्या परवानग्या अडलेल्या, त्यात रेकॉर्ड कंपनीशी वाद. 14 फेब्रुवारी 2014 ला या तिघांनी वैतागून सगळे जुने अल्बम 25 तास फुकट वाटले. रीतसर ते ऑनलाइन आले 3 मार्च 2023 ला, तिघांपैकी ट्रुगॉयच्या निधनानंतर तीन आठवड्यांच्या आत. इतकी वर्षं अनेकांचं भांडण आठवणीच्या भरवशावर चाललं, आणि आठवणीत फक्त फुलं उरली. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकणाऱ्या नव्या श्रोत्याला तो तुटलेला धागा सापडतच नाही, असा माझा अनुभव आहे.

राहिला 2016 चा 'अँड द अनॉनिमस नोबडी'. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी 1 लाख 10 हजार डॉलर मागितले होते, जमले 6 लाखांहून अधिक. पैसे मागतानाच त्यांनी पद्धत सांगितली होती: वादकांना स्टुडिओत बोलवायचं, तासन्‌तास वाजवून घ्यायचं आणि त्या स्वतःच्याच ध्वनिमुद्रणातून सॅम्पल उचलायचे, म्हणजे परवानगीसाठी कुणाच्या दारात जावं लागणार नाही. वीस-पंचवीस वर्षं खटले आणि करारांत अडकलेल्या गटाने शोधलेली ही वाट मला फार मोलाची वाटते. अल्बम तुम्हाला लांबलेला वाटला असेल, त्यात पाहुणे कलाकार जास्त झाले असंही वाटलं असेल; त्यावर आपण बोलू. पण चाहत्यांना अंधारात ठेवलं, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

आणि एक विचारायचं आहे. पॉलनंतरच्या 'सर्वसाधारण रॅप'मध्ये तुम्ही 1996 चा 'स्टेक्स इज हाय'ही धरता का? शीर्षकगीताला निर्माता जे डिलाचा ठेका, तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला रॅपर मोस डेफ आणि सोबतीला रॅपर कॉमन, आणि चकचकाटाच्या मागे लागलेल्या रॅपवर तिघांचा थेट राग. सबंध प्रतिक्रियेत तुम्ही त्याचं नावही घेतलेलं नाही. तो ऐकून तुम्हाला काय वाटतं, ते जरूर लिहा.