मॅहॉगनी 'गुदमरते' म्हणून पॉलिश नको? जरा थांबा

गिटार बनवणाऱ्यांमध्ये आणि विकत घेणाऱ्यांमध्ये सध्या हे सगळीकडे शेअर होतंय: मॅहॉगनीच्या लाकडावर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारलं की लाकूड गुदमरतं, आवाज मरतो, म्हणून एकतर नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर) नाहीतर नुसतं तेल चोळा, लाकडाची बारीक छिद्रं उघडी ठेवा, आणि लाकूड मध्य अमेरिकेतल्या होंडुरसचंच हवं, बाकी सगळं बोगस. यातली अर्धी गोष्ट खरी आहे आणि तिच्या जिवावर बाकीचं सगळं खपतंय.

आधी ते गुदमरणं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, याला श्वास म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग साउंडहोलमधून (गिटारवरच्या गोल भोकातून) हात घालून बघा की, बहुतेक अकूस्टिक गिटार आतून कोरीच असते, बाहेर काहीही मारलं तरी ओलावा आतल्या बाजूने येत-जात राहतो. पीयू असो, नायट्रो असो की चपडा लाख, कुठलीच फिल्म ओलावा पूर्ण अडवत नाही, फक्त वेग कमी करते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तो वेग कमी झालेला चांगलाच.

आता ती खरी अर्धी गोष्ट: जाडी. मॅहॉगनीचा टॉप (गिटारची पुढची फळी) समजा २.७ मिमी आहे आणि लाकडाचं वजन घनमीटरला ५५० किलोच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला साधारण १४८५ ग्रॅम. त्यावर ०.१ मिमी फिल्म वाळली (घनता अंदाजे १२०० धरा) तर १२० ग्रॅम वाढले, ८ टक्के. तीच फिल्म ०.३ मिमी झाली तर ३६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाव वजन वर लादलं, शिवाय डॅम्पिंग (कंपनं लवकर विझणं) वेगळं. मग आवाज दबणारच, पण तो दबला जाडीने, बाटलीवरच्या नावाने नाही. स्वस्त गिटारवर पीयू किंवा पॉलिएस्टर जाड थापतात कारण लवकर गुळगुळीत दिसतं आणि घासायला कारागिराचा वेळ जात नाही, आणि मग बदनाम पीयू होतं. बॅक-साइडला (मागच्या फळीला आणि बाजूंना) तर हा फरक आणखी कमी कळतो. टॉपसुद्धा मॅहॉगनीचा असेल, मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने १९२२ मध्ये २-१७ या मॉडेलला केला तसा, तेव्हा मात्र हात हलका ठेवा.

नायट्रोचं काय? तीही फिल्मच आहे हो. १९२० च्या दशकात गाड्या रंगवायला ही लॅकर आली, पटकन वाळायची म्हणून गिटारवाल्यांनी उचलली. तिचा खरा फायदा रिपेअरचा आहे, नवा कोट जुन्यात विरघळून एक होतो, पीयूचं तसं होत नाही. पण दमट हवेत मारली की पांढरी धूसर पडते, आपल्याकडे जुलैमध्ये एनसी (म्हणजे हीच नायट्रो) मारणाऱ्या कुठल्याही फर्निचर पॉलिशवाल्याला विचारा, तो थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) टाकतो किंवा सरळ काम पुढे ढकलतो.

तेलाने तर मला खरंच राग येतो. जवस किंवा टंग तेल पातळ पुसून घेतलं तर नेकला हाताला छान लागतं, पण टॉपवर जिरेपर्यंत चोळत राहायचं हा सल्ला कोण देतं? तेल लाकडात मुरतं आणि वजन, डॅम्पिंग दोन्ही वाढवतं, ओलाव्याला मात्र फारसं अडवत नाही, घामाचे डाग पडतात ते वेगळे. खोबरेल लावलंत तर ते वाळणारच नाही. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ते आपोआप तापतात आणि पेट घेतात, शेडला आग लागते. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

छिद्रं भरण्यात आवाजाचा प्रश्नच नाही, फिलर जातो तो एवढासा. न भरता ग्लॉस मारलात तर लॅकर महिनोन्‌महिने छिद्रांत खाली बसत राहते आणि आरशासारखा टॉप खड्ड्याखड्ड्याचा दिसतो. सॅटिन (कमी चकाकीचं फिनिश) करायचं असेल तर उघडी ठेवा, छानच दिसतं. फक्त फिलर लाकडापेक्षा गडद घ्या, खडूची पुट्टी नको, मॅहॉगनी उजेडाने काळवंडत जाते आणि पांढरे ठिपके आणखी उठून दिसतात.

राहिलं होंडुरस. झाडाची जात महत्त्वाची, स्विटेनिया मॅक्रोफिला, आणि तिची लागवड फिजीतही झालीय, तिथलं लाकूड गिटारसाठी वापरतातही. अमेरिका खंडातल्या नैसर्गिक लाकडाच्या व्यापारावर २००३ पासून साइट्सचे (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आहेत, म्हणून 'ओरिजिनल होंडुरस' स्वस्तात मिळतंय म्हणणाऱ्याकडे आधी कागद मागा. खाया आणि सापेली ही आफ्रिकेतली वेगळी झाडं आहेत, पण बोगस नाहीत. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराच्या ६ गिटार घेतल्या, फरक फक्त बॅक-साइडच्या लाकडाचा, त्यात मॅहॉगनी, सापेली, अगदी ब्राझिलियन रोझवूडसुद्धा, आणि ५२ वादकांना अंधुक खोलीत वेल्डिंगचे गॉगल लावून वाजवायला दिल्या. आवाजाचे मार्क जवळजवळ सारखेच पडले, २०१८ मध्ये हे छापून आलंय. तेव्हा फळी घेताना देश विचारण्यापेक्षा कट क्वार्टरसॉन (वाढीची वलयं फळीच्या पृष्ठाला उभी येतील असा) आहे का आणि किती वाळलीय ते विचारा, मॉइश्चर मीटर सोबत न्या.